लष्करी वास्तू, नागरी मालकी आणि कारागिराचा गाळा : भाडेपट्ट्याच्या प्रश्नाची एक समीक्षा

सारांश

लष्कराने सोडलेल्या इमारती नागरी संस्थांच्या मालकीत आल्यावर त्या छोट्या कारागिरांना आणि कलावंतांना भाड्याने देण्याचे प्रयोग जगातील अनेक शहरांत झाले आहेत. आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा वारसा-जतनाच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात उल्हासनगरच्या बराकी, गोव्यातील रेईश मागूश किल्ला आणि अमेरिकेतील ॲलेक्झांड्रिया व ब्रुकलिन येथील प्रयोग यांचा तुलनात्मक विचार केला आहे. अशा वास्तूत कारागीर टिकतो की नाही, हे वास्तूच्या स्थापत्यापेक्षा भाडेपट्ट्याच्या मुदतीवर, भाड्याच्या निकषावर आणि मालकीच्या सातत्यावर अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन केले आहे. कटक मंडळांची नागरी क्षेत्रे स्थानिक संस्थांकडे सोपविण्याच्या धोरणामुळे हा प्रश्न विदर्भात कामठीच्या निमित्ताने प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

बीजशब्द : छावणी, बराक, भाडेपट्टा, गाळा, कारागीर, स्थानिक स्वराज्य संस्था, पुनर्वापर

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या नकाशावर लष्कराच्या खुणा वस्त्यांच्या नावांतून शिल्लक आहेत. पुण्यातील 'कॅम्प', सोलापुरातील 'लष्कर' आणि नागपुरातील 'छावणी' ही नावे उच्चारताना तेथे कधीकाळी पलटणी उतरत होत्या याची आठवण आज फारशी कोणाला होत नाही. पलटण निघून जाते, नाव मागे राहते. आणि नावाबरोबर कधी कधी इमारतीही मागे राहतात. जाड भिंतींच्या, उंच छताच्या, रुंद दारांच्या या इमारती माणसांना शिस्तीत ठेवण्यासाठी आणि सामान सुरक्षित राखण्यासाठी बांधलेल्या असतात. लष्कराची गरज संपल्यावर त्यांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्याने येतो.

आज हा प्रश्न पुन्हा पुढे येण्यास तात्कालिक कारण आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल कटक मंडळाचा दर्जा काढून घेण्यात आला आणि देशातील इतर कटक मंडळांची नागरी क्षेत्रे लगतच्या नगरपालिका-महानगरपालिकांत विलीन करण्याचे धोरण केंद्र शासनाने जाहीर केले. २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने या हस्तांतरणाची सर्वसाधारण पद्धत कळविली. तीनुसार नागरी सुविधांसाठी असलेल्या मालमत्तांवरील हक्क राज्य शासन किंवा स्थानिक संस्था यांच्याकडे विनामूल्य जाणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि कामठी अशा सात छावण्यांचा यात संबंध येतो. यांपैकी कामठीची छावणी १८२१ मधील असून ती विदर्भातील एकमेव आहे.

जाम (ता. समुद्रपूर, जि. वर्धा) येथून कामठी फार दूर नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, वरोरा-चंद्रपूरकडे रस्ता जेथे फुटतो तेथे वसलेल्या या गावात लष्करी वास्तू नाही; परंतु ज्याच्यासाठी अशी वास्तू उपयोगी पडावी असा माणूस मात्र येथे आहे. महामार्गावरील कोणत्याही नाक्यावर वेल्डिंग करणारा, टायर दुरुस्त करणारा, ट्रॉली बांधणारा, लाकडी दारे-चौकटी घडविणारा कारागीर दिसतो. त्याचे कौशल्य त्याच्या मालकीचे असते, जागा नसते. अकरा महिन्यांच्या भाडेचिठ्ठीवर त्याचा धंदा उभा असतो आणि रस्ता रुंद होऊ लागला की सर्वांत आधी त्याला उठावे लागते. सार्वजनिक मालकीच्या रिकाम्या इमारतींचा विचार या माणसाच्या बाजूने करून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. 'कार्यशाळा' या शब्दाविषयी

विवेचनाच्या आरंभीच एका शब्दाचा विचार करणे आवश्यक वाटते. 'कार्यशाळा' हा शब्द मूळचा काम करण्याच्या जागेचा वाचक. महाविद्यालयीन आणि प्रशासकीय व्यवहारात त्याचा अर्थ हळूहळू बदलला. आता कार्यशाळा म्हणजे एक किंवा दोन दिवसांचा कार्यक्रम : उद्घाटन, मार्गदर्शन, भोजन, प्रमाणपत्र वितरण. ज्या जागेत रोज सकाळी शटर उघडते, यंत्र सुरू होते आणि संध्याकाळी भुसा किंवा लोखंडाचा कीस झाडून काढला जातो, तिला लोक 'वर्कशॉप', 'कारखाना' किंवा नुसते 'गाळा' म्हणतात.

हा केवळ शब्दार्थाचा बदल नाही. सार्वजनिक वास्तूंच्या पुनर्वापराचे प्रस्ताव तयार होताना त्यांत 'कलावंतांसाठी कार्यशाळा' असे शब्द येतात आणि त्यांचा अर्थ जवळजवळ नेहमीच कार्यक्रम असा केला जातो. परिणामी सभागृह बांधले जाते, दालन सजविले जाते. परंतु मूर्तिकाराला ओली माती महिनाभर झाकून ठेवता येईल किंवा सुताराला रंधा सुरू ठेवता येईल असा कोपरा त्यात नसतो. कार्यक्रमाला तारीख लागते; कामाला मुदत लागते. या दोन गरजांतील फरक हा पुढील सर्व चर्चेचा पाया आहे.

वर्धा जिल्ह्याला हा फरक समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेच्या जागेत, मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेथे घाणी, हातकागद अशा उद्योगांचे प्रयोग आणि प्रशिक्षण चालले. १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. या रचनेत काम, शिक्षण आणि प्रदर्शन ही अंगे परस्परांपासून तोडलेली नव्हती. प्रदर्शनात जे दिसे त्यामागे चालू काम होते. मगनवाडी ही लष्करी वास्तू नव्हे. तरीही सार्वजनिक हितासाठी राखलेली जागा उद्योगाला दिली म्हणजे काय घडू शकते याचे ते जवळचे उदाहरण आहे.

३. उल्हासनगर : बराकी विकल्या गेल्या तेव्हा

लष्करी इमारतींतून छोटे कारखाने उभे राहण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी तात्पुरता तळ उभारण्यात आला. 'कल्याण कॅम्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तळावर सुमारे २,१०० बराकी होत्या. बहुतेक बराकींत मधोमध मोठे दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या अशी रचना होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बराकींत आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली.

सैनिकांच्या एका दालनात अनेक कुटुंबे राहू लागली. घर आणि धंदा यांच्यात भिंत घालणे परवडणारे नव्हते. एकाच छपराखाली पापड लाटणे, शिवणकाम, लाकूडकाम आणि छोट्या यंत्रांची जुळणी सुरू झाली. पुढे फर्निचर आणि जीन्सच्या कपड्यांसाठी उल्हासनगरचे नाव देशभर झाले. 'मेड इन यूएसए' या अक्षरांचा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विनोदी विस्तार महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या विनोदात हेटाळणी जितकी आहे तितकीच या कारागिरीची कबुलीही आहे. आजही तेथील अनेक पत्त्यांत 'बराक नंबर' लिहिला जातो.

या यशाचे श्रेय निर्वासितांच्या जिद्दीला आहे, हे निर्विवाद. तरी इमारतीने आणि धोरणाने केलेली मदतही नोंदविली पाहिजे. बराकीचे मोठे दालन हवे तसे विभागता येत होते. मुंबईचा बाजार रेल्वेने जवळ होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथून कोणी उठविणार नाही ही खात्री हळूहळू मिळत गेली. विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियम, १९५४ अन्वये निर्वासितांना मालमत्ता कायम देण्याची तरतूद झाली आणि बराकींचे भाग रहिवाशांच्या मालकीचे होत गेले. ज्यांचे सर्वस्व सीमेपलीकडे राहिले होते, त्यांना पुन्हा भाडेकरूच ठेवणे अन्यायाचे ठरले असते. विक्रीचा निर्णय त्या परिस्थितीत न्याय्य होता.

त्या निर्णयाची दुसरी बाजू पुढील पिढीत दिसली. बराक तुकड्यातुकड्यांनी खाजगी झाली आणि प्रत्येक तुकडा वर वाढू लागला. एकमजली बराकीच्या जागी बहुमजली इमारती आल्या. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ अनधिकृत इमारतींविरुद्ध कारवाईचे आदेश दिले आणि २००६ मध्ये राज्य शासनाला केवळ या एका शहरातील अनधिकृत विकास नियमित करण्यासाठी स्वतंत्र अधिनियम करावा लागला. जीन्स धुलाईच्या कारखान्यांचे रंगीत सांडपाणी वालधुनी नदीत जाऊ लागले आणि २०१० नंतरच्या दशकात अशा अनेक कारखान्यांवर बंदीची वेळ आली. एकेका लहान कारखानदाराला सांडपाणी प्रक्रियेचा खर्च झेपणारा नव्हता आणि सर्वांसाठी एकत्र सोय करील असा सामाईक मालकही उरला नव्हता. ज्यांनी बराकीला कारखाना बनविले, त्यांच्याच नातवंडांना कारखान्यासाठी परवडणारी जागा दुसरीकडे शोधावी लागते. कारण मालकी वाटली गेली की जागेची किंमत बाजार ठरवितो.

उल्हासनगरचा अनुभव असे सांगतो की, विक्रीमुळे पहिल्या कारागिराचे भले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या कारागिरासाठी सार्वजनिक संस्थेच्या हाती काहीही उरत नाही.

४. रेईश मागूश : पाहण्याची जागा

विक्रीच्या अगदी विरुद्ध टोकाला वारसा-जतनाचा मार्ग आहे. गोव्यात मांडवीच्या मुखाशी असलेला रेईश मागूश किल्ला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधला. पुढे तो तुरुंग म्हणून वापरला गेला आणि १९९३ पर्यंत तसाच वापरात होता. २००८ पासून गोवा शासन, इंटॅक आणि हेलन हॅमलिन न्यास यांच्या सहकार्याने त्याचे जतनकार्य झाले आणि २०१२ मध्ये तो सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांना खुला करण्यात आला. मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांचे दालन हे तेथील मोठे आकर्षण आहे.

जतनकार्य म्हणून या प्रकल्पाचे मूल्य मोठे आहे. कोसळू पाहणाऱ्या तटबंदीला जांभ्या दगडाच्या मूळ पद्धतीला अनुसरून आधार देण्यात आला आणि गोव्यातील एका थोर चित्रकाराला त्याच्याच भूमीत कायमचे स्थान मिळाले. तथापि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने पाहता येथे कलावंत येतो तो कलाकृतीच्या रूपाने. वास्तूची रचना मुख्यतः पाहणाऱ्यासाठी आहे. तिकीट, मार्गिका, दालन आणि दृश्य या क्रमाने अभ्यागत फिरतो. चित्र जेथे टांगले जाते आणि चित्र जेथे काढले जाते त्या जागा वेगळ्या असतात. पहिल्या जागेला शांतता आणि स्वच्छता हवी, दुसरीला पसारा आणि रंगाचा वास चालवून घेणारा मालक हवा.

पणजीतील मोठ्या लष्करी बराकीची कथा यापूर्वीची आहे. १८३० च्या दशकात बांधलेल्या या इमारतीत पुढे पोलीस मुख्यालय आले आणि तिच्या एका भागात आज 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा' ही सांस्कृतिक संस्था आहे. लष्करी वास्तूने प्रशासन आणि संस्कृती या दोघांनाही जागा दिल्याचे हे चांगले उदाहरण होय. परंतु तेथेही सभा, ग्रंथ आणि प्रदर्शन यांना स्थान मिळाले. कुंभाराच्या चाकाला नव्हे.

दोष या संस्थांचा नाही. त्यांनी जे करण्याचे ठरविले ते केले. दोष असलाच तर तो धोरणाच्या कल्पनाशक्तीचा आहे. जुन्या सार्वजनिक वास्तूपुढे एकतर विक्री किंवा संग्रहालय असे दोनच पर्याय आहेत, असे गृहीत धरले गेले आहे.

५. मालकी राखून पट्टा : ॲलेक्झांड्रिया आणि ब्रुकलिन

तिसरा पर्याय समजून घेण्यासाठी अमेरिकेतील दोन उदाहरणांकडे वळणे उपयुक्त ठरते. कारण दोन्ही ठिकाणी नौदलाची मालमत्ता शहराने विकत घेतली, मालकी स्वतःकडे ठेवली आणि गाळे भाड्याने दिले.

व्हर्जिनिया राज्यातील ॲलेक्झांड्रिया येथे पोटोमॅक नदीकाठी नौदलाचा टॉर्पेडो कारखाना होता. त्याचे बांधकाम नोव्हेंबर १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाची शस्त्रसंधी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाले, ही इतिहासाची गंमतच म्हणावी लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारत गोदाम म्हणून वापरली गेली. १९६९ मध्ये शहराने ती विकत घेतली आणि मेरियन व्हॅन लँडिंगहॅम यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये तेथे कलावंतांचे गाळे सुरू झाले. भाडे माफक ठेवण्यात आले, परंतु त्याबदल्यात एक अट होती : कलावंताने लोकांसमोर काम करावे. अभ्यागत गाळ्यात येऊन चित्रकाराशी बोलू शकतो, कुंभाराचे काम पाहू शकतो आणि वस्तू थेट त्याच्याकडून विकत घेऊ शकतो. प्रवेशासाठी जाणकारांकडून कामाची परीक्षा होते. येथे माफक भाडे हे दान ठरत नाही. लोकांना मिळणाऱ्या अनुभवाचा तो मोबदला ठरतो.

ही व्यवस्था वादमुक्त राहिली असे नाही. नदीकाठची जमीन महाग होत गेली तसा, एवढी मोक्याची इमारत कमी भाड्याने का द्यावी, हा प्रश्न शहरात वारंवार विचारला गेला. २०१० नंतर व्यवस्थापनाची रचना बदलली, नंतर ते शहराने स्वतःकडे घेतले आणि इमारतीत अधिक 'चैतन्य' आणण्याच्या योजनांना कलावंतांनी आक्षेप घेतले. तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे. हा वाद होऊ शकला, कारण इमारत शहराच्या मालकीची राहिली होती. विकलेल्या इमारतीविषयी नागरिकांना असा वाद घालताच येत नाही.

ब्रुकलिनची नौदल गोदी १९६६ मध्ये बंद झाली आणि पुढील काही वर्षांत ती न्यूयॉर्क शहराकडे आली. सुरुवातीला शहराचा भर मोठ्या भाडेकरूवर होता. तेलवाहू जहाजे बांधणाऱ्या एका बड्या कंपनीने गोदीचा मोठा भाग व्यापला. १९७९ मध्ये तिने काम थांबविताच गोदीतील रोजगारही कोसळला. त्यानंतर शहरातर्फे गोदी चालविणाऱ्या ना-नफा महामंडळाने दिशा बदलली. मोठ्या इमारती लहान भागांत विभागून सुतार, धातुकाम करणारे, छपाईवाले, अन्नपदार्थ बनविणारे आणि कलावंत यांना त्या देण्यात आल्या. एक मोठा भाडेकरू जाताना सारे घेऊन जातो. शेकडो लहान भाडेकरूंपैकी काही गेले तरी बाकीचे राहतात. शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. कोरडवाहू शेतीत तूर, कापूस आणि ज्वारी एकाच वर्षी पेरण्यामागे हेच शहाणपण आहे.

६. आपल्याकडील कायद्याची चौकट

वरील प्रयोग महाराष्ट्रात जसेच्या तसे करता येतील का, असा प्रश्न विचारल्यास उत्तर कायद्याच्या कलमांत शोधावे लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या (१९४९) कलम ७९ अन्वये महानगरपालिकेची स्थावर मालमत्ता विकताना किंवा पट्ट्याने देताना मिळणारा मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये. २०१९ मधील नियमांनी हे भाडे बाजारमूल्याच्या किमान ८ टक्के असावे असे ठरविले, तेव्हा अनेक शहरांतील गाळेधारकांनी विरोध केला आणि पुढे दरांचा फेरविचार करावा लागला. उदाहरणादाखल, २० लाख रुपये मूल्याच्या लहानशा गाळ्याचे ८ टक्क्यांनी भाडे महिन्याला १३ हजार रुपयांहून अधिक होते. सोन्याचांदीच्या किंवा भ्रमणध्वनीच्या दुकानाला ते परवडेल. चर्मकाराला किंवा मूर्तिकाराला नव्हे.

नगरपरिषदांच्या बाबतीत मुदतीचा प्रश्न अधिक बिकट आहे. १९६५ च्या अधिनियमातील कलम ९२ च्या मूळ योजनेत शासनाच्या मंजुरीशिवाय मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. नगरपरिषद स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपर्यंत पट्टा देऊ शकते, वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या परवानगीने त्याचे नूतनीकरण होऊ शकते, परंतु एकूण मुदत नऊ वर्षांपलीकडे जाऊ नये. आणि पट्टेदाराला तेथे कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. या तरतुदी दुकान डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या आहेत. दुकानदाराचा माल उचलून नेता येतो. लेथ यंत्राला सिमेंटचा पाया लागतो, भट्टीला धुराडे लागते, वेल्डिंगला थ्री फेज वीजजोडणी लागते. हे सारे बांधकामातच मोडते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातील कर्जाची परतफेड तीन ते सात वर्षांत करावयाची असते. ज्याचा पट्टा तीन वर्षांचा, त्याला सात वर्षांचे कर्ज घेण्याचे धैर्य होत नाही आणि बँकेलाही ते देण्याचा उत्साह राहत नाही.

याची तुलना १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पद्धतीशी करणे उद्बोधक ठरेल. महामंडळ उद्योगांना भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने देते. म्हणजे सार्वजनिक मालकी राखून दीर्घ मुदतीचा पट्टा देण्याची कल्पना आपल्या प्रशासनाला परकी नाही. ती वसाहतीतील कारखान्याला लागू होते. गावाच्या किंवा शहराच्या मध्यातील, एका खोलीतल्या कारागिराला मात्र लागू होत नाही. त्यात भर म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधून शासन आणि स्थानिक संस्था यांच्या मालकीच्या जागा वगळल्या आहेत. खाजगी मालकाच्या भाडेकरूला असलेले संरक्षणही येथे नाही. सार्वजनिक मालक हा कारागिरासाठी सर्वांत सुरक्षित मालक असावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कागदावर तो सर्वांत अस्थिर मालक ठरतो.

७. एक आक्षेप आणि त्याचा विचार

बाजारमूल्याची अट काढून टाका, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ती अट विनाकारण आलेली नाही. सार्वजनिक मालमत्ता नाममात्र भाड्याने मर्जीतल्या मंडळींना वाटण्याचे प्रकार थांबावेत, हा तिचा हेतू आहे. 'कलावंत' आणि 'कारागीर' ही नावे पुढे करून पुढारी आणि त्यांचे आप्त गाळे बळकावतील, आणि खरा कारागीर त्यांचा पोटभाडेकरू होईल, ही भीती निराधार नाही. नागरिकांच्या करातून सांभाळलेली मालमत्ता मूठभरांना स्वस्तात का द्यावी, हा प्रश्नही रास्त आहे.

तथापि लिलावाने वशिलेबाजी थांबते हे अर्धसत्य आहे. लिलाव ज्याच्याजवळ पैसा आहे त्याची निवड करतो. ज्याच्याजवळ कौशल्य आहे त्याची निवड करण्याचे सामर्थ्य त्यात नाही. वशिल्याला आळा घालण्याची दुसरी पद्धत महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या चांगल्या परिचयाची आहे. म्हाडाची घरे सोडतीने दिली जातात; पात्रतेचे निकष आधी जाहीर होतात, उत्पन्नाची मर्यादा असते आणि पात्र अर्जदारांत सोडत निघते. तीच पद्धत गाळ्यांना लावता येईल. पट्टा अहस्तांतरणीय ठेवणे, पोटभाडेकरू आढळल्यास तो रद्द करणे आणि वर्षातून ठरावीक दिवस काम लोकांसाठी खुले ठेवणे, या अटी त्याला जोडता येतील. सवलतीच्या भाड्याचा हिशेब अर्थसंकल्पात स्पष्टपणे दाखविला, तर ती सवलत लपविलेली खिरापत न राहता सभागृहात चर्चा करता येईल असा सार्वजनिक निर्णय होईल.

येथे कलावंत आणि कारागीर यांच्यातील भेदाचाही विचार करावा लागतो. ॲलेक्झांड्रियाच्या प्रयोगात कलावंताला झुकते माप आहे आणि आपल्याकडेही अशा प्रकल्पांत चित्रकाराला मान व वेल्डरला मज्जाव होण्याचा संभव आहे. जागेच्या दृष्टीने पाहिल्यास हा भेद टिकत नाही. धातूचे शिल्प घडविणारा आणि ट्रॉलीचा सांगाडा जोडणारा या दोघांनाही तीच उंची, तीच वीज आणि आवाज सहन करणारे तेच शेजारी हवे असतात. लष्करी इमारतीची जाड भिंत दोघांनाही सारखीच उपयोगी आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला, लष्करी वास्तू कारागिराला विकल्याने एका पिढीचे पुनर्वसन होते, परंतु व्यवस्था उभी राहत नाही. म्हणून मालकी सार्वजनिक राहिली पाहिजे. दुसरा, पट्ट्याची मुदत यंत्राच्या कर्जापेक्षा कमी असू नये आणि यंत्राचा पाया, धुराडे व वीजजोडणी यांना पट्ट्यातच परवानगी असावी. तिसरा, भाडे जागेच्या संभाव्य विक्रीमूल्यावरून न ठरविता तिच्या नेमलेल्या वापरावरून ठरवावे आणि निवड पात्रता व सोडत यांच्या आधारे व्हावी. चौथा, संपूर्ण इमारत एका बड्या भाडेकरूच्या हाती देण्याचा मोह टाळावा.

हे निष्कर्ष कामठीच्या संदर्भात तपासून पाहण्याची वेळ आली आहे. छावणीखेरीज विणकर आणि विडी कामगार यांचे गाव म्हणूनही कामठीची ओळख आहे. तेथील हातमागाला जागा, वीज आणि बाजार या तिन्ही गोष्टींची टंचाई आहे. कटक मंडळाकडून नेमक्या कोणत्या मालमत्ता नागरी संस्थेकडे येतील, हे त्या त्या ठिकाणच्या प्रक्रियेत ठरेल. परंतु ज्या येतील त्यांची नोंद करताना 'कारागिरांचे गाळे' असा स्वतंत्र वापरवर्ग आधीच निश्चित केला नाही, तर त्यांची वाटणी व्यापारी संकुल आणि स्मारक या दोन परिचित रकान्यांतच होईल.

वास्तूच्या पुनर्वापरावर लिहिणारे समीक्षक दगड, कमान आणि छपराचे वर्णन विस्ताराने करतात. त्या वास्तूत कोण, किती काळ आणि कोणत्या भाड्याने काम करणार, हे मात्र एका वेगळ्या कागदावर लिहिलेले असते आणि तो कागद फारसा कोणी वाचत नाही. स्थापत्य, अर्थशास्त्र, विधी आणि मराठी या विषयांचे अध्यापक एकाच महाविद्यालयात असतात. आपल्या परिसरातील नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांच्या मालकीच्या गाळ्यांचे करारनामे मिळवून ते एकत्र वाचणे हा त्यांच्यासाठी एक साधा आणि खर्च नसलेला संशोधनप्रकल्प ठरेल. नाक्यावरच्या कारागिराचे पुढील दहा वर्षांचे आयुष्य त्या करारनाम्याच्या मुदतीच्या रकान्यात लिहिलेले आहे.